गावाने मागितलेली बाई

माझं लग्न गावाच्या शैक्षणिक गरजेतून झालं.

जामसरच्या पुढच्या एका पाड्यावर मला शिक्षकाची पहिली नेमणूक मिळाली. आसपासच्या सगळ्या शाळांत गुरुजीच गुरुजी. एखाद्या शिक्षिकेची नेमणूक झालीच, तर ती सामान उतरवण्याआधी बदलीचा अर्ज लिही. (अर्ज आम्हीही लिहीत होतो, पण आमचा मंजूर होत नसे.) माझ्या शाळेत मुलगे दाटीने बसत, मुली मात्र एकही नाही. आणि तपासणी तोंडावर आलेली.

मी घरोघर फिरलो. शेवटी पाड्यावरचे वडीलधारे धाकलूबाबा म्हणाले, "गुरुजी, पयली बाई आना. मंग पोरी धाडू."

मी हादरलो. मी पडलो एकटा, बिनलग्नाचा! म्हणजे गावाला माझ्या चालचलणुकीचा संशय? जेवण जाईना, फळ्यावर बेरजा चुकू लागल्या. शनिवारी जव्हारला जाऊन आईला सांगितलं. आमच्या गल्लीत शिक्षिकेला 'मॅडम' म्हणत. त्यामुळे आईनेही 'बाई'चा एकच अर्थ घेतला आणि पदर खोचला. घराण्यातला पहिला पदवीधर बदनाम होतो म्हणजे काय! भाताची कापणी उरकायच्या आत माझं लग्न उरकलं.

सुनंदाला घेऊन पाड्यावर आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडतो तो काय, अंगणात चापूनचोपून तेल लावलेल्या, पाट्या घेतलेल्या मुलींची रांग. पुढे धाकलूबाबा.

"बाई आल्या ना? चला, शिकवू दे."

"अहो बाबा, ही माझी बायको आहे."

"मंग? बाई नाय का ती?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गावाला शिकवणारी बाई हवी होती! मी चोरट्या नजरेने मागे पाहिलं. बारावी शिकलेली सुनंदा, हातावरची हळद अजून गेलेली नाही.

"तुम्ही मला लग्न करून आणलंय की नेमणुकीवर?" तिने हळूच विचारलं.

उत्तराची वाट तिने पाहिली नाही. मुलींना ओसरीवर बसवून 'अ' काढला. मुली टिकल्या. पुढे मुलगेही सरकत सरकत ओसरीकडे गेले.

तपासणीला साहेब आले. भरलेली शाळा बघून खूश झाले. त्यांनी धाकलूबाबांच्या नातीला विचारलं, "तुम्हाला कोण शिकवतं?"

"बाई."

"आणि हे?"

मी कॉलर नीट केली.

"हे घंटा देतात," ती म्हणाली. मग माझा चेहरा बघून तिला दया आली असावी. "पन येळेवर देतात."