पेवातली हवा

बंकरची मला भीती वाटायची. सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसाने हे लिहू नये असं कुणाला वाटत असेल तर वाटो.

नियंत्रण रेषेजवळच्या त्या पोस्टवर मी लान्स नायक होतो, रेडिओ ऑपरेटर. सोबत नायक बसवराज, बंगळूरजवळच्या देवनहळ्ळीचा. पहाटे पाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चावर सज्ज, सहाला रेडिओ चेक, मग चहा. काम चोख करायचो, पण बंकरमध्ये शिरायची वेळ आली की पाय उचलत नसे. बसवराजने एकदा खोदून खोदून विचारलं, तेव्हा सांगितलं.

आमचं गाव सांगलीजवळ. तिथे हळद जमिनीखालच्या पेवात साठवतात. पेव उघडलं की आधी पेटता कंदील आत सोडतात. तो विझला तर हवा वाईट, माणूस उतरत नाही. वडील गेल्यावर मी काकाच्या घरी वाढलो. दूध सांडलं, उलट बोललो, की काका मला दोरीने रिकाम्या पेवात सोडायचा आणि तोंडावर फरशी ओढायचा. कंदील त्याने एकदाही सोडला नाही. मी नऊ वर्षांचा होतो. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. पोराला शिस्त लावतोय, म्हणायचे. शिस्त मी पुढे फौजेत आयुष्यभर पाहिली. ती अशी नसते.

 दुसऱ्या दिवसापासून बंकरमध्ये आधी बसवराज उतरायला लागला. आत काडी ओढायचा आणि फौजेत शिकलेल्या मराठीत हाक मारायचा, "हवा आहे. ये." मग मी जायचो.

त्या दिवशी दुपारी चार चाळीसला मॉर्टरचा मारा सुरू झाला. पोस्ट कमांडर ओरडले, "टेक कव्हर!" मी बंकरच्या तोंडाशी होतो. सेटवर कळवलं, "शेलिंग सुरू. ओव्हर." बसवराज आत पोचला होता. त्याने काडी ओढली, हाक मारली. मला पेवाची फरशी दिसत होती. हललो नाही. तो बाहेर आला, माझा पट्टा धरून मला आत फेकलं. पुढचा गोळा पडला तेव्हा तो अजून बाहेर होता. मानेत स्प्लिंटर. पाच दहाला गेला.

रिपोर्टमध्ये लिहिलं, शेलिंगमध्ये मृत्यू. खोटं नव्हतं. त्याच्या घरीही तेवढंच कळलं.

आता मी बंगळूरला, राजाजीनगरमध्ये लेकीकडे असतो. तिच्या आग्रहाने एचएसआर लेआउटमधल्या मराठी लेखनवर्गाला जायला लागलो. सगळी पुण्याकडची आयटीतली मुलं. मी पेवाबद्दल, बंकरबद्दल रेडिओ लॉग लिहावा तसं लिहिलं: वेळ, जागा, कोण हजर होतं. वर्ग घेणारी मुलगी म्हणाली, "काका, आता त्यांना माफ करून टाका ना, हलकं वाटेल." तळपायाची आग मस्तकात गेली. माफी मागणारा तरी हवा. तो मागच्या वर्षी मेला, न मागता. मी मातीला गेलो नाही, जाणारही नव्हतो. तिला एवढंच सांगितलं की मला काका म्हणू नकोस.

पण लिहिणं सोडलं नाही. तिसऱ्या महिन्यात मी पहिल्यांदा खोलीचं दार लावून झोपलो. ते काकाला माफ करून नव्हे, त्याचं नाव कागदावर आणून.

मग कागद घेऊन देवनहळ्ळीला गेलो. बसवराजची थोरली बहीण, अक्का, तिथेच राहते. एकेक वाक्य कन्नडमध्ये करून वाचलं, माझे पाय अडले तेही. तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला.  मी शिव्यांची तयारी ठेवली होती.

"त्याने तुला ओढलं, ते त्याला करायचंच होतं," ती म्हणाली. "पण काय रे, त्या नालायकाला चार पानं, आणि माझ्या भावाला चार ओळी?"

 इतकी वर्षं माझा सगळा संताप काकाने खाल्ला होता, आणि बसवराजच्या वाट्याची जागासुद्धा.

घरी येऊन नवा कागद घेतला. त्यावर काका नाही. पहिली ओळ अशी आहे: नायक बसवराज, देवनहळ्ळी, चहात गूळ घालायचा, बेसूर गायचा, आणि कुठल्याही अंधारात माझ्याआधी उतरायचा.