गोधडीचं खोटं गिऱ्हाईक

चहा आधी संपवा. नाहीतर मी मधेच काहीतरी बोलीन, तुमचा घोट नाकातून बाहेर येईल आणि तुमच्या घरची मंडळी माझ्या नावानं खडे फोडतील. संपला? मग ऐका. देशोदेशीच्या बड्या लोकांसमोर मी स्वतःच्या बायकोच्या कलेचा बाजार कसा उठवला, ते सांगतो.

आमची सुनंदा गोधड्या शिवते. तुम्ही म्हणाल, त्यात काय? आमच्या डोळखांब गावाकडं कोणाची बायको शिवत नाय? मीपण लग्न झाल्यापासून हेच म्हणत होतो! जुनं लुगडं, पोरांचे गणवेश, माझे सदरे, जे फाटेल ते तिच्या गाठोड्यात. कधीकधी फाटायच्या आधीच. माझी निळ्या पट्ट्यांची अर्धी चड्डी दोरीवरून गायब झाली, ती मला पुन्हा भेटली थेट एका गोधडीच्या मधोमध.

एकदा मुंबईच्या एक मॅडम तानसा तलाव बघायला निघाल्या आणि वाट चुकून आमच्या दारात आल्या. नाव तन्वी. मागायला आल्या पाणी, पण कुंपणावर गोधडी वाळत होती, तिच्यासमोर अशा उभ्या राहिल्या की आमच्या गावची माणसं पालखीसमोरसुद्धा इतकी गप उभी राहत नाहीत.

मॅडमचं मुंबईत चित्रांचं दुकान. दुकान म्हणायचं नाही हां, गॅलरी म्हणायचं. आणि त्या हिवाळ्यात मुंबईला चित्रांची मोठी जत्रा भरणार होती. जत्रा म्हणायचं नाही, आर्ट फेअर म्हणायचं. पॅरिसपासून दुबईपर्यंतच्या गॅलऱ्या तिथं पालं ठोकणार. पाल म्हणायचं नाही, बूथ म्हणायचं. तिथं सुनंदाची गोधडी लावायचं ठरलं.

"परदेशातल्या एका म्युझियमच्या बाई येणारेत," मॅडम म्हणाल्या. "त्यांनी घेतली तर ताईंचं नाव कायमचं तिथल्या भिंतीवर लागेल."

गावात बातमी फुटली आणि लोकांना करमणूक झाली. "चिंध्या दाखवाया मुंबईला चालली गो!" सुनंदा मला एवढंच म्हणाली, "अवो, आजवर माझं नाव फक्त रेशनकार्डावर लागलंय. ते पण तुमच्या खाली. एकदा एकटं लागू दे ना."

आणि एवढं बोलून तिनं मला बरोबर नेलं. ही तिची चूक. पुढची सगळी माझी.

आता माझी लायकी काय, ते सांगितल्याशिवाय तुम्हाला मजा कळायची नाही. मुरबाडजवळ म्हसा गावच्या जत्रेत बैलबाजार भरतो, ठाऊक आहे ना? त्या बाजारात मी नामांकित माणूस. बैल विकणारा नाही, घेणाराही नाही. मी खोटं गिऱ्हाईक! म्हणजे असं की, मित्राचा बैल उभा आहे आणि कोणी फिरकत नाही. मग मी परका होऊन जायचं. दात बघायचे, शेपूट उचलायचं, खूर बघून नाक मुरडायचं. "पाठीत वाकलाय, एक शिंग खाली हाय," अशी मोठ्यानं खोट काढायची, पण कासरा काही सोडायचा नाही. बघणाऱ्यांना वाटतं, एवढ्या शिव्या घालतोय आणि तरी हलत नाय, म्हणजे बैलात दम आहे! गर्दी जमते. मग मी "आपलं नक्की" म्हणायचं, की खरं गिऱ्हाईक पेटतं आणि वर चढवून घेतं. माझ्या शिव्यांवर किती बैल विकले गेलेत, विचारा मुरबाडला कोणालाही. विचारू नका, त्यातल्या काहींनी बैल विकतसुद्धा घेतलेत.

आर्ट फेअरच्या पहिल्या दिवशी मॅडमनी गाडी पाठवली. वाटेत त्या सुनंदाला रीतभात समजावत होत्या. "ताई, आम्ही पहिला आला त्याला काम देऊन टाकत नाही. कोणाच्या घरी जाणार, तो जपेल का, हे बघतो. कलाकाराला विचारून देतो." सुनंदा कान देऊन ऐकत होती. मी खिडकीतून वडापावची गाडी शोधत होतो. पोरगी द्यायची रीत मला काय शिकवणार?

फेअर बघून मात्र मी थक्क झालो. इथं पहिला दिवस नुसता बड्यांचा. मनगटावर पट्टा. एका रंगाचा पट्टा असेल तर सकाळी आत, दुसऱ्या रंगाचा असेल तर दुपारी, आणि तुमच्याआमच्यासारख्यांना शेवटच्या दिवशी तिकीट काढून. म्हणजे देव एकच, दर्शनाच्या रांगा वेगळ्या. आत सगळं विकायला ठेवलेलं, पण विकायचंय असं कोणी कबूल करत नव्हतं! कशावर किंमत नाही. विचारलं तर कानाशी येऊन कुजबुजणार. आम्ही रुमालाखाली बोटं धरून भाव करतो तर अडाणी, आणि हे कानात फुंकतात तर इंटरनॅशनल.

एका बूथमध्ये तर जमिनीवर भाताच्या तुसाचा ढीग. नुसता तूस! भोवती दोरी, वरून दिवा. मी तिथल्या बाईंना म्हटलं, "हे झाडायचं राहिलंय का?"

"दिस इज अबाउट हंगर," त्या म्हणाल्या.

बरोबरच आहे. आमच्या राईस मिलच्या मागं असा ढीग बघून मलाही भूकच लागते, कारण मिलच्या समोर भजीची गाडी असते.

आमची गोधडी पांढऱ्या भिंतीवर ताणून लावलेली. शेजारी पाटी: 'सुनंदा. वस्त्रांच्या स्मृतींचा नकाशा.' नकाशाच्या मधोमध माझी चड्डी. सुनंदा नवीन साडी नेसून बाजूला उभी. मॅडम मला हळूच म्हणाल्या, "काका, तुम्ही कँटीनमध्ये बसा. आणि प्लीज, कोणाशी काही बोलू नका."

मी बसलो. खरंच बसलो! दोन कॉफ्या कडू तोंडानं ढोसल्या. मग राहवेना म्हणून खांबाआडून बघितलं. माणसं हातात ग्लास घेऊन येत होती, गोधडीकडं बघत होती आणि पुढं जात होती. तुसासमोर रांग, गोधडीसमोर कुत्रं नाही. सुनंदा आधी ताठ उभी होती, मग भिंतीला टेकली, मग पदराचं टोक पिळायला लागली. ते पदर पिळणं मी ओळखतो. दवाखान्यात पोरगं आत असताना ती तसंच पिळत होती.

आता सांगा, तुमच्या दावणीचं जनावर बाजारात उभं आहे, कोणी ढुंकून बघत नाही, आणि तालुक्यातलं नंबर एकचं खोटं गिऱ्हाईक खांबाआड कॉफी पितंय. बरं दिसतं का हो?

भाच्याच्या लग्नातलं जाकीट अंगात होतंच. खिशातला काळा गॉगल चढवला आणि निघालो. तन्वी मॅडम म्युझियमच्या बाईंना आणायला गेटवर गेलेल्या. बूथमध्ये त्यांचे भागीदार मल्होत्रासाहेब होते. ते दुपारीच दिल्लीहून उतरलेले, मला बघितलेलं नव्हतं. देवच पाठीशी! मी सुनंदाला डोळा मारला आणि सुरू झालो.

डोळा मारला तो गॉगलच्या आत. तिला काय कपाळ दिसणार?

"ह्या!" मी मोठ्यानं म्हणालो. "टाके वाकडेतिकडे. ह्यो कोपरा लोंबतोय. रंग इटलाय. आणि ही निळी पट्टी मधेच कशाला घुसवली? आं?"

सुनंदानं आ वासला. मल्होत्रासाहेब मात्र धावत आले.

"एक्झॅक्टली, सर! उसी पट्टी में तो पूरा टेन्शन है!"

माझ्या चड्डीत टेन्शन होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"सर कहाँ से?"

"शहापूर साईड. नवीन हायवेच्या बाजूला थोडी जमीन हाय."

खोटं नव्हतं. हायवेनं तोडून टाकलेला एक तुकडा आहे, त्यावर नाचणीसुद्धा रुसून उगवते. पण 'हायवे' आणि 'जमीन' हे दोन शब्द एकत्र ऐकताच साहेबांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, माहितीपत्रकानं वारा घालायचंच बाकी ठेवलं.

मी खुर्चीत बसून शिव्या चालूच ठेवल्या. आणि बघता बघता गर्दी! "हू इज ही?" "बिग लँडलॉर्ड." "ही हॅज अ ब्रूटल आय." एक बाई गुडघे टेकून चड्डीचे फोटो काढायला लागल्या. म्हसा काय आणि मुंबई काय, माणूस सगळीकडं सारखाच! आता फक्त शेवटचा घाव. मी उठलो, गोधडीकडं बोट केलं आणि म्हणालो, "आपलं नक्की!"

"डन, सर?"

"डन!"

साहेबांनी खिशातून एक लाल टिकली काढली आणि पाटीवर चिकटवली. मी म्हटलं, वा, बैलाचा सौदा ठरला की पडतो तसा हा इथला गुलाल! आता बघा कसे तुटून पडतात.

तुटून पडले. पण शेजारच्या बूथवर. "ओह, सोल्ड," म्हणत म्हणत अख्खी गर्दी मयतावरून परतावी तशी पांगली. अहो, आमच्याकडं गुलाल पडला तरी माणूस मागनं येऊन म्हणतो, "दादा, त्याचं सोड, मी वर देतो." इथं टिकली लागली की विषय संपला! ही कसली बाजाराची जात?

आणि नेमक्या त्याच वेळी तन्वी मॅडम आल्या. सोबत पांढऱ्या केसांच्या, सुती साडीतल्या एक बाई. म्युझियमवाल्या! जन्म पुण्याचा, सगळी हयात परदेशात. मराठी बोलायच्या ते काचेचं भांडं उचलावं तसं, जपून जपून. त्या गोधडीसमोर गेल्या, बघत राहिल्या, बघतच राहिल्या, आणि मग त्यांना टिकली दिसली.

"अरेरे," त्या म्हणाल्या. "मला उशीर झाला."

मल्होत्रासाहेबांनी छाती फुगवून माझ्याकडं हात केला. "बिग कलेक्टर! शहापूर!"

तन्वी मॅडमनी मला बघितलं. गॉगलसकट ओळखलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, तो त्या गोधडीच्या रंगापेक्षा जास्त. मला दंडाला धरून त्यांनी बूथच्या भिंतीमागं ओढलं.

"काका, काय केलंत हे?"

"काय नाय, सोडतो ना कासरा. मी नको म्हणतो, बाईंना देऊन टाका."

"नको म्हणालात तर त्या विचारतील, कामात खोट काय निघाली? आणि खोट तर तुम्हीच माणसं जमवून सांगितलीत!"

"मग खरं सांगतो. नवरा हाय म्हणून."

"म्हणजे उद्या सगळीकडं बोभाटा, की आम्ही घरचीच माणसं उभी करून भाव वाढवतो. आम्हाला पुन्हा इथं कोणी उभं करणार नाही. ताईंनाही."

"मग विकत घेऊ का?"

मॅडमनी माझ्याकडं जे बघितलं, त्यात माझ्या सात-बाऱ्यासकट सगळी किंमत होती. रुमालसुद्धा लागला नाही.

तुम्हाला सांगतो, म्हसाच्या बाजारात मला एकदा बैलानं शिंगावर घेतलं होतं. तेव्हा निदान चूक बैलाची होती. भिंतीपलीकडं म्युझियमच्या बाई उभ्या, सुनंदाचं एकटं नाव त्यांच्या हातात, आणि वाटेत मी. गॉगल लावून.

आम्ही बाहेर आलो. बाई मल्होत्रासाहेबांना विचारत होत्या, "हे गृहस्थ ही कुठं लावणार आहेत?"

साहेब काही बोलायच्या आत सुनंदा पुढं झाली.

"कुठंच नाय. ह्यांना द्यायची नाय."

"ताई, डील हो गयी," साहेब हसत म्हणाले.

"झाली आसंल. मला इचारलंत? कलाकाराला इचारून देताव ना तुमी? मग मी सांगते, ह्या माणसाला नाय इकायची." तिचं बोट माझ्या गॉगलवर. "येवढा टाईम खुर्चीत बसून तोंड चालवलं. येकदा तरी हात लावून बघितला का, ऊब हाय का नाय? ह्याच्या घरी माझी गोधडी गेली तर ह्यो पावसात भाताच्या पोत्यांवर टाकील!"

तिला हे कसं कळलं म्हणून मी दचकलो. मग आठवलं, पोती आमचीच.

"टाके वाकडे म्हनतो! मानसाच्या अंगावर पांघरायचा टाका हाय तो, पट्टीनं आखलेला रस्ता नाय. चला, निघा!"

शेजारच्या बूथवरची गर्दी कधी परत आली, कळलंच नाही. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. ग्लास खाली ठेवून वाजवल्या हो! म्युझियमच्या बाई पुढं आल्या, हलक्या हातानं गोधडीला हात लावला, आणि डोळे मिटून म्हणाल्या, "आहे. ऊब आहे." मग सुनंदाकडं वळल्या. "मला द्याल?"

सुनंदानं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. म्हटलं, आता हिलाही नाही म्हणते की काय!

"पोत्यांवर टाकायची नाय," ती म्हणाली.

"नाही टाकणार."

"मग न्या."

लाल टिकली तीच राहिली, धनी बदलला. मल्होत्रासाहेबांनी मला दरवाज्यापर्यंत पोचवलं. "सर, दिल पे मत लेना. आर्टिस्ट लोग ऐसेही होते हैं." अजून अधूनमधून ते मला फोटो पाठवतात. परवाच तुसाच्या ढिगाचा पाठवला. म्हणे, खास माझ्यासाठी राखून ठेवलाय.

परतीच्या गाडीत सुनंदा खिडकीतून बाहेर बघत होती. आसनगाव मागं गेलं. शेवटी मीच म्हणालो, "गो, पण मानलं तुला. शेवटपर्यंत ओळख दाखवली नायस. कोणाला पत्ता लागला नाय मी नवरा ते."

"त्या बाईंना लागला. निघताना इचारीत व्हत्या, तो गॉगलवाला कोण? खरं सांगून टाकलं."

"आरे देवा! मग?"

"मग काय? लय हसल्या. इचारलं, असला कुठं मिळाला?"

"तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, बापानं लग्नात ह्याच्यासंगं एक बैलजोडी दिली व्हती." सुनंदा पहिल्यांदा माझ्याकडं वळली. "बैल चांगले निघाले."