गच्चीवरचा सराव

"बघा, बघा! याला म्हणतात घाम गाळणं!"

दुधाच्या पिशव्या हातात घेऊन जिन्यात उभ्या असलेल्या पेडणेकरकाकू जयाबेनना म्हणाल्या. मी मान खाली घालून त्यांच्या शेजारून वर गेले. माझ्या केसांतून पाणी निथळत होतं, टी-शर्ट अंगाला चिकटला होता आणि प्रत्येक पायरीला बूट पचाक पचाक वाजत होते.

"अरे बाप रे, कितना पसीना!" जयाबेन म्हणाल्या. "हमारी पिंकीला जरा शिकव ने, बेटा. नऊ वाजता उठते ती!"

मी नुसतं हसले. अंगावरच्या त्या सगळ्या पाण्यात घामाचा एक थेंब नव्हता. ते नगरपालिकेचं पाणी होतं. सोळा बिऱ्हाडांचं. दोन दिवसांचं.

आता हे कसं झालं, ते पहिल्यापासून सांगायला हवं.

नव्वदच्या आसपास आम्ही गिरगावातली खोली सोडून भाईंदर पश्चिमेला राहायला आलो. सोसायटीचं नाव 'सागरदर्शन'. गच्चीवरून समुद्र दिसायचा नाही, मिठागरं दिसायची. म्हणजे समुद्राचा पुढचा टप्पा. कॉलेज संपून मला वर्ष झालं होतं. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलीला नोकरी पटकन मिळते असं सगळे म्हणायचे. मला मिळत नव्हती, कारण मुलाखतीत बोलावं लागतं.

बोलण्याच्या भीतीनेच मी पळण्याकडे वळले. शाळेत मला एकदा थ्रोबॉलच्या टीममध्ये घेतलं होतं. पण 'माझ्याकडे टाक!' असं भर मैदानात ओरडावं लागतं हे कळल्यावर मी दुसऱ्या दिवशी ताप आणला. पळण्यात ती भानगड नाही. कुणी आपल्याशी बोलायला आलंच, तर तोवर आपण पुढे गेलेलो असतो!

डिसेंबरात बोरिवलीला मुलींची दहा किलोमीटरची शर्यत होणार होती. मी मनाशी ठरवलं, आपण ती पळायची. रद्दीवाल्याकडून आणलेल्या एका इंग्रजी मासिकात ट्रेनिंगचं वेळापत्रक होतं. ते मी दोन रंगांच्या बॉलपेनने एका नव्या वहीत उतरवून काढलं. त्यात दोन दिवस गेले. (त्या दोन दिवसांत पळायला वेळ झाला नाही.) प्रत्येक पानाच्या माथ्यावर 'नो एक्स्क्यूजेस' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. इंग्रजीत मी भलतीच शिस्तीची होते. झोप मात्र मला मराठीतून यायची.

तरीही फेब्रुवारीतले अकरा दिवस मी खरोखर पळाले. पहाटे पाचला उठायचं, वॉचमन रामधनीचाचा फाटक उघडायचे, "जाओ बेबी" म्हणायचे, आणि मी मिठागरांच्या बाजूला पळत जाऊन परत यायचे. बाराव्या दिवशी मी सोडून देणार, हे मला दहाव्या दिवशीच कळलं होतं. पण अकराव्या दिवशी संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी पेडणेकरकाका आमच्याकडे आले.

"राणेसाहेब, तुमची वैजू पाचला उठतेच ना?"

"उठते म्हणजे? गजर व्हायच्या आधी उठते!" बाबा म्हणाले. (गजर वाजला की तो बाबाच बंद करायचे आणि मला हलवायचे.)

"मग पंपाचं काम तेवढं तिच्याकडे देऊ या का? मला आता पहाटे उठवत नाही हो."

आमच्याकडे पाणी एक दिवसाआड यायचं, तेही रात्रीतून, आणि तळाच्या टाकीत साठायचं. त्यातलं अर्धं एका दिवशी आणि अर्धं दुसऱ्या दिवशी, असं पहाटे पंप लावून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. पाचला पंप चालू केला की वरची टाकी पावणेसहाला भरायची.

"काय योगायोग आहे बघा!" बाबांनी मांडीवर थाप मारली. "वैजूसुद्धा बरोबर पंचेचाळीस मिनिटंच पळते. चालू करून जायचं, आली की बंद करायचा. पोरीलाही शिस्त, पंपालाही शिस्त!"

मी तिथेच उभी होते. मला नाही म्हणायचं होतं. ते मी मनात दोनदा म्हटलंही. तोवर पेडणेकरकाकांनी पंपाच्या खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली होती. (दुसरी किल्ली अडीअडचणीला चाचांकडे असायची.)

म्हणजे झालं काय, की माझा आळस हा माझा खाजगी प्रश्न उरला नाही. मी उठले नाही, तर सोळा घरांत आंघोळ नाही! त्यामुळे बाराव्या दिवशी मी उठले, बूट घातले, खाली जाऊन पंप चालू केला आणि फाटकाकडे बघितलं. पाय काही निघेनात. घरी परत जावं तर बाबा दात घासत जागे. मग मी गुपचूप जिना चढून गच्चीवर गेले. टाकीच्या आडोशाला पाऊण तास नुसती बसले, खाली येऊन पंप बंद केला आणि धापा टाकत घरी गेले.

"किती झालं आज?" बाबांनी वही उघडून विचारलं.

"चार किलोमीटर."

दुसऱ्या दिवशी मी चटई नेली. चौथ्या दिवशी उशी. (रोज उशी घेऊन पळायला जाणं विचित्र दिसेल, म्हणून ती टाकीच्या मागे कायमची ठेवून दिली.) पहाटेचा वारा, मिठागरांवरून येणारा तो खारट वास... अशी झोप मला घरात कधी लागली नाही. आणि मी बेजबाबदार मुळीच नव्हते! टाकी भरत आली की आतल्या पाण्याचा आवाज बदलतो. त्या आवाजाला मी न चुकता जागी व्हायचे.

रामधनीचाचांना हे अर्थातच माहीत होतं. फाटकाशी स्टूल टाकून बसणाऱ्या माणसाला, कोण बाहेर गेलं आणि कोण जिन्याने वर गेलं, एवढं कळतंच. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "तबियत ठीक है न, बेबी?" मी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून मी पंप चालू करायला आले की ते स्टूल रस्त्याकडे वळवून बसायला लागले.

वहीतले किलोमीटर वाढत गेले. एप्रिलमध्ये मी कागदावर आठ किलोमीटर पळत होते. वजनही वाढत होतं, पण वहीत त्याचा रकाना नव्हता. आई म्हणायची, "पळून पळून भूक लागते गं पोरीला," आणि एक पोळी जास्त वाढायची. बाबांनी बोरिवलीच्या शर्यतीची बातमी सोळाही घरांत पोचवली. पेडणेकरकाकू मला बघून स्वतःच्या नवऱ्याला टोमणे मारू लागल्या.

मग जयाबेनचे पापड आले. एका दुपारी त्यांनी बिल्डिंगमधल्या सगळ्या बायकांना पापड लाटायला बसवलं. मला तर खास. "वैजूबेन स्पोर्टवाली छे, हातात ताकद असणार!" पाच किलो पापड झाले. माझी पाठ मोडली. संध्याकाळी ते गच्चीवर साड्यांवर पसरले आणि तिथेच राहू दिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पंप चालू करून वर गेले, पापडांना वळसा घालून चटईवर पडले आणि मेल्यासारखी झोपले. टाकीचा आवाज बदलला असेल, पण मला ऐकू आला नाही. गच्चीवरचं पाणी खाली नेणाऱ्या पाइपात कुणाचा तरी फडका अडकला होता. मला एवढंच आठवतं, की स्वप्नात मी उत्तनच्या किनाऱ्यावर घोटाभर पाण्यातून पळत होते आणि चक्क पहिली येत होते.

डोळे उघडले तेव्हा साडेसहा वाजले होते. मी पाण्यात होते. माझ्या नाकासमोरून जयाबेनचे पापड होडीसारखे चालले होते!

मी चार मजले धडधडत खाली गेले, पंप बंद केला आणि वर येताना जिन्यात पेडणेकरकाकूंनी माझं कौतुक केलं.

त्या दिवशी तळाची टाकी कोरडी पडली. ज्यांना ते आधी कळलं त्यांनी पिंपं भरून घेतली आणि वरच्या टाकीतलं आठ वाजता संपलं. पुढचं पाणी दोन दिवसांनी! आईने आमच्या तिघांच्या तोंड धुण्याचं पाणी चहाच्या भांड्याने मोजून दिलं. पेडणेकरकाका बिनआंघोळीचे, अंगाला पावडर फासून ऑफिसला निघाले होते. ते वाटेत आमच्या दारात थांबले.

"वैजू, पंप बंद केला होतास ना गं?"

मी मान हलवली. केला होता. कधी, ते त्यांनी विचारलं नाही.

"तरी मी म्हणत होतो! मग हे त्या रामधनीचंच काम. शेजारच्या बिल्डिंगच्या बादल्या भरायला परत चालू केला असणार."

मी तोंड उघडलं. पण काका बोलत होते, आणि मोठी माणसं बोलत असताना मधे बोलायचं नाही, हे मला लहानपणापासून शिकवलेलं. (सोयीचे संस्कार मी कधीच विसरत नाही.)

तेवढ्यात गच्चीवरून आरडाओरडा झाला. सगळे वर धावले. टाकीच्या मागे चटई सापडली होती. उशीही.

"बघा! वर झोपा काढतो हा!" काका म्हणाले.

आईने ती ओली उशी उचलली, उलटी केली आणि तिचा चेहरा बदलला. अभ्र्यावरची जांभळी फुलं तिने स्वतः काढली होती.

"अगं बाई, ही तर आमची!" आई म्हणाली. "दोरीवर वाळत घातली होती की काय मी? चोरलीन मेल्याने!"

म्हणजे सकाळी साडेसहापासून साडेआठपर्यंत रामधनीचाचा पाणी विकणारे, कामावर झोपणारे आणि उश्या चोरणारे झाले होते. माझी कीर्ती मात्र वाढतच होती. जयाबेन पापडांचा लगदा परातीत गोळा करत रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "इतनी मेहनतसे बनवले वैजूबेनने!"

संध्याकाळी फळ्यावर नोटीस लागली. रविवारी सकाळी दहा वाजता सर्वसाधारण सभा. विषय पहिला: वॉचमनला कामावरून कमी करणे. विषय दुसरा: कु. वैजयंती राणे हिचा नियमित व्यायामाबद्दल शाल व नारळ देऊन सत्कार.

मी ती नोटीस तीनदा वाचली. चाचा जिन्याखालच्या खोलीत राहायचे. नोकरी गेली की खोलीही जाणार होती. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी स्टूल रस्त्याकडे वळवलं.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. टेबलावर शाल होती, नारळ होता. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं, आणि आईने हट्टाने साडी नेसवली होती. रामधनीचाचा खांबाला टेकून उभे होते.

"रामधनी, सच बोलो," पेडणेकरकाका गरजले. "बेबीने पंप बंद किया, उसके बाद किसने चालू किया?"

"मालूम नहीं, साब."

"बेबी उस दिन दौडने गई थी?"

चाचांनी नुसतं 'नाही' म्हटलं असतं, तरी त्यांची नोकरी वाचली असती.

"गई थी, साब. रोज जाती है."

"देखा तुमने?"

"इतना तेज भागती है साब, के गेटपे दिखती भी नहीं."

सगळे कौतुकाने हसले. बाबांनी तर टाळी वाजवली. चाचा हसले नाहीत. ते जमिनीकडे बघत होते. माझ्या कानात टाकी भरत आल्यासारखा आवाज सुरू झाला.

"तर मग विषय पहिला," काका म्हणाले. "उद्यापासून नवा वॉचमन. कुणाची हरकत?"

मी उभी राहिले. लोकांना वाटलं सत्काराची घाई झाली. काकू शाल उचलायला लागल्या.

"हरकत आहे," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला, की शेवटच्या रांगेतून कुणीतरी "जोरसे!" म्हणून ओरडलं. मग मी आयुष्यात पहिल्यांदा भर सभेत ओरडले. "चाचांनी काही केलं नाही! पंप मीच वेळेवर बंद केला नव्हता. मी गच्चीवर झोपले होते. उशी माझी आहे, चटई माझी आहे, आणि तो घाम नव्हता, काकू, ते पाणी होतं!"

पेडणेकरकाकांनी टेबलावरचा कागद उचलला, विषय पहिला खोडला, थोडा विचार करून दुसराही खोडला. काकूंनी शाल पुन्हा पिशवीत भरली. चाचा खांबापासून सरळ झाले आणि फाटकावर कुणी नाही, असं काहीतरी पुटपुटत निघून गेले.

बाबा मात्र बसल्या जागेवरून माझ्याकडेच बघत होते. किलोमीटरची वही त्यांनी सभेत दाखवायला आणली होती. ती त्यांच्या मांडीवर उघडी होती.

"वैजू," ते हळूच म्हणाले, "म्हणजे पंप हातात आल्यापासून तू एकदाही पळाली नाहीस?"

आता खरंच बोलायचं ठरलं होतं, म्हणून मी सगळं खरं सांगून टाकलं.

"एकदा पळाले, बाबा. ही नोटीस वाचली त्या संध्याकाळी. थेट मुर्धा गावापर्यंत, न थांबता. आणि येताना रिक्षा केली."