आत्यानं मला कॉलेजला दाखवलं

प्रिय रेवा आणि नील,

भोरच्या मोटार स्टँडवर हिर्डोशीच्या आत्यानं माझ्या केसांत अबोलीची वेणी माळली, पदर सारखा केला आणि बजावलं, "नजर खाली. इचारलं तरी लगीच त्वांड उघडायचं न्हाई."

मला बघायला कोणी येणार नव्हतं. मुंबईच्या एका कॉलेजात पदवीनंतरच्या वाणिज्य वर्गाला मोजकी मुलं घेत, तिथल्या मुलाखतीला आम्ही निघालो होतो. रेवा, तुझ्या बिझनेस स्कूलचा तो आजोबाच समज. बाबांना संस्थानच्या कचेरीतून रजा मिळाली नाही, म्हणून सोबतीला आत्या. घरातल्या सगळ्या मुली तिनंच दाखवून उजवल्या होत्या. मुलाखत वेगळी असते हे तिला पटेना. "बाप्ये बसनार, पोरीला इचारनार. मग येगळं काय?"

आईची अट साधी होती. निवड झाली तर शीक; नाहीतर तुळशीचं लग्न झालं की तुझं, शिरवळच्या स्थळाशी.

लढाईचे दिवस, पेट्रोल नाही. कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार कात्रजच्या घाटात दमली, की आम्ही उतरून चालायचो.

मुंबईत तीन प्रोफेसर समोर बसले होते. पहिलाच प्रश्न इंग्रजीत: कॉमर्स का शिकायचंय? उत्तर तोंडपाठ होतं, पण त्याआधी आत्या आठवली. मी फरशीकडे बघत राहिले. दुसरा प्रश्न, तीच फरशी. शेवटी दाराशी बसलेली आत्याच आत आली.

"मुकी न्हाई हो ती! म्याच गप बसवलीया. हिरड्याचा भाव पाडाया आलेल्या यापाऱ्याला इचारा, कशी बोलती ते!"

मधले प्रोफेसर मराठी होते. "काय झालं होतं?" त्यांनी मला विचारलं. मी मान वर केली आणि सांगत सुटले. दुसरा व्यापारी गावात येईपर्यंत हिर्डोशीच्या बायकांना मी रानातून वेचलेला हिरडा पडेल भावात न विकता वाळवून घरातच ठेवायला लावला होता. बोलता बोलता मी इंग्रजीत कधी शिरले, मलाच कळलं नाही.

आता आत्याची पाळी. "हितं पोरी किती हायेत?"

"आल्या तर ह्याच पहिल्या."

"मग ऱ्हायच्या खोलीला आतनं कडी हाय का?"

"आहे," प्रोफेसर गंभीरपणे म्हणाले.

"आन् पसंत नसंल तर सरळ सांगा. आमची पोर आमाला जड न्हाई."

"कळवू," ते म्हणाले.

आत्याचा चेहरा पडला. परतताना घाट उतरल्यावर म्हणाली, "कळवू म्हंजी न्हाई. आजवर कुनी कळवलंय?" आईनं शिरवळला निरोप धाडायची तयारी केली.

आषाढात टपाल आलं. माझी निवड झाली होती. आत्या कितीतरी वेळ तो कागद उलटासुलटा करत राहिली. "कळवू म्हनून खरंच कळवनारी मानसं पयल्यांदा बघितली. घर चांगलं हाय. द्या पोरगी!"

मग पुन्हा तोच स्टँड, या वेळी मी एकटी. मोटार हलली तेव्हा खिडकीला हात लावून ती म्हणाली, "न्हाई करमलं तर त्यांना म्हनावं, कळवते. आन् ये निघून."

करमलं. इतकं, की सगळा जन्म मुंबईत गेला. पुढे मीही टेबलाच्या त्या बाजूला बसून मुलाखती घेतल्या. "कळवू" म्हटलं आणि प्रत्येकाला कळवलं. पण आत्या होती तोवर हिर्डोशीला जाताना मी एकदाही कळवलं नाही; तिच्या चुलीवरच्या भातात माझा वाटा असायचाच.

तुम्ही यायचा दिवस, विमान, वेळ सगळं आधी लिहून पाठवता. शिस्त माझीच आहे. तरी एकदा न कळवता या. भात मी रोज जरा जास्तच लावते.

तुमची आजी