अन्नपूर्णेची पळी: लालबाग ते गिरगाव आणि परत

नात लडाखला जाऊन आली आणि तिथल्या घाटरस्त्यांवर भलंमोठं लिहून बसली. मग मलाही हा ब्लॉग उघडून दिला आणि म्हणाली, आजी, तुझ्या प्रवासाबद्दल लिही. आता मी कुठे गेले होते? काशी राहिली, रामेश्वर राहिलं. पण एक प्रवास असा झाला की त्याची खूण अजून आमच्या देव्हाऱ्यात बसलेली आहे. लालबाग ते गिरगाव, आणि परत. हसू नका. पितळी मूर्तींची हौस असेल तर ही वाट एकदा तरी चालून बघा.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते आणि मी लग्न होऊन लालबागच्या चाळीत नुकतीच आले होते. हे गिरणीत, सासूबाईही गिरणीतच, वायंडिंग खात्यात. माझी आई लग्नानंतर थोड्याच महिन्यांत गेली. तिची म्हणून माझ्याकडे एकच वस्तू होती, अन्नपूर्णा. लग्नाच्या खरेदीला अलिबागहून येऊन तिने ती स्वतः गिरगावात निवडली होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नवरी बोहल्यावर जाण्याआधी गौरीहर पुजते तेव्हा ही अन्नपूर्णा पुढ्यात असते, आणि मग तीच सासरी घेऊन जायची. बोटाएवढी मूर्ती, मांडी घातलेली, दोन्ही हातांत आडवी पळी. सासरी ती वाटीभर तांदळात बसते. बाकीच्या देवांच्या हातांत चक्र, गदा, त्रिशूळ, कायकाय असतं. हिच्या हातात फक्त पळी. या घरात कुणी उपाशी उठू नये, एवढंच तिचं म्हणणं. मला लहानपणापासून सगळ्या देवांत हीच जास्त शहाणी वाटत आली आहे.

पाडव्याच्या आधी देव घासायला निघाले. सासूबाई सावंतवाडीकडच्या, त्यांचा हात म्हणजे मालवणी हात. चिंच, राख आणि वर काथ्या. देव असो की टोप, घासणं सारखंच. त्यात अन्नपूर्णेची पळी तुटली आणि मोरीत वाहून गेली. त्यांच्या हातून तुटली हे मीही बोलले नाही आणि त्याही बोलल्या नाहीत. बराच वेळ मूर्ती फडक्याने पुसत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "भंगलेलो देव देव्हाऱ्यात ठेवूचो नाय. ओताऱ्याक विचारूया. जोडूक येता म्हणालो तर बरा. नाय तर थयसूनच चौपाटी."

म्हणजे उद्याचा दिवस मावळायच्या आत आईची अन्नपूर्णा एकतर माझ्या घरी परत येणार होती, नाहीतर समुद्रात जाणार होती. रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी आम्ही दोघी ट्रामने निघालो. आता ट्राम नाहीत, तुम्ही बसने जा. बसायला जागा मिळाली, पण भायखळ्याला ट्राम थांबली ती थांबलीच. पुढून मोर्चा येत होता. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, अशी आरोळी लांबूनच ऐकू येत होती. सासूबाईंना घोषणा मान्य होती, फक्त ती ट्रामच्या रुळांवर देऊ नये असं त्यांचं मत पडलं. शेवटी उतरून चालू लागलो. तुम्हीही चालणार असाल तर सकाळीच निघा आणि पायांत जुन्या चपला घाला. पायधुणीपर्यंत सावली फारशी मिळत नाही.

पायधुणीजवळ तांबाकाटा. त्या गल्ल्यांत शिरलं की आधी कान उघडतात आणि मग डोळे. ठोक्यांचा आवाज चारी बाजूंनी, आणि दुकानांत पितळेचे देव दाटीवाटीने बसलेले. मी तर आलेलं काम विसरून बघतच राहिले. एका गुडघ्यावर रांगणारा बाळकृष्ण, उजव्या तळहातावर लोण्याचा गोळा. लोणी पुढे धरलेलं असतं, तोंडाजवळ नसतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. हा स्वतः खातोय की दुसऱ्याला देतोय? सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, दोन्ही. सगळे देव तराजूत तोलून विकत होते. शंकर जड आणि गणपती हलका निघाला तसा दुकानदारही हसला. तोच म्हणाला, जुनी मूर्ती मोडीत द्या आणि वजनावर नवी न्या. सासूबाईंनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की त्याने लगेच गिरगावातल्या ओताऱ्याचा पत्ता सांगितला.

भुलेश्वरातून फुलं, केळीची पानं आणि माणसं चुकवत गिरगावात पोचलो. वाटेत उसाचा रस प्यायलो, तो चुकवू नका. ओताऱ्याचं काम एका वाडीच्या मागच्या बाजूला होतं. भट्टी, मातीचे साचे, मेणाचा वास. ओतारी वयस्कर, बोलणं कमी. मूर्ती हातात घेऊन त्याने फिरवून पाहिली आणि सांगितलं की पळी सगळ्यात आधी तुटते, तिचा साचा तयारच असतो, ओतून जोडता येईल. माझा जीव भांड्यात पडला. पण तो लगेच वर काढावा लागला. ओताऱ्याचा एक नियम होता. ज्या घरचा देव, त्या घरचंच पितळ तो ओतायचा. परकं पितळ मिसळायचं नाही. बापाकडून आलेला नियम, मोडायचा नाही. आम्ही घरून काहीच आणलं नव्हतं. एखादी फुटकी वाटी आणली असती तरी भागलं असतं.

तेवढ्यात भट्टीच्या पलीकडून एक बाई उठून उभी राहिली. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं. सासूबाई एकदम ताठ झाल्या. ती भागीरथी. नायगावच्या बीडीडी चाळीतली, वायंडिंग खात्यात सासूबाईंच्या शेजारच्या मशिनीवर वर्षानुवर्षं उभी राहिलेली. तिच्या घरच्यांनी बाबासाहेबांच्या मागून बुद्धाचा धर्म घेतला तेव्हापासून दोघी बोलत नव्हत्या. देव टाकणाऱ्या माणसाशी काय बोलायचं, असं सासूबाई म्हणत. त्याआधी बोलत होत्या, पण डबा कधी एकत्र उघडला नव्हता. पाणीही वेगळं.

भागीरथी आपल्या देव्हाऱ्यातलं सगळं पितळ घेऊन आली होती. खंडोबा, भवानी, एक वाकडी घंटा. देव म्हणून ते आता नको होतं, पण आईने सांभाळलेलं, भंगारात टाकवेना. म्हणून त्याच पितळेचा बुद्ध ओतून घेत होती. मुशीत पितळ वितळलेलं होतं. साचा भरूनही थोडं उरणार होतं, आणि उरलेलं ओतारी ज्याचं त्याला परत द्यायचा.

भागीरथी म्हणाली, उरलेलं पळीला घ्या.

सासूबाईंनी आधी ओताऱ्याला विचारलं, नियमात बसतं का? तो म्हणाला, घरचं कोण, ते घरच्यांनी ठरवायचं, मी पितळ ओततो. मग सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या, जणू काही मी सांगणार होते. मला मनातून ओरडावंसं वाटत होतं, घ्या, पण नव्या सुनेचं तोंड कसं उघडणार? ज्या पळीने अन्नपूर्णा घर जेवू घालते, ती पळी भागीरथीच्या पितळेची. चाळीत कळलं असतं तर काय झालं असतं, ते मला ठाऊक होतं आणि त्यांनाही.

भागीरथी रागावली नाही. शांतपणे म्हणाली, "माझ्या हातचं पाणी तुला चाललं न्हाई. पर ह्ये पितळ आगीतनं गेलंया. आगीपरीस सोवळं काय असतंय, तू सांग."

सासूबाईंनी पदर खोचला आणि ओताऱ्याला म्हणाल्या, "वत."

बुद्धाचा साचा भरला, आणि त्याच मुशीतलं उरलेलं पळीच्या साच्यात पडलं. निवायला वेळ होता म्हणून आम्ही बाहेर पायरीवर बसलो. सासूबाईंनी डबा उघडला, भाकरी आणि सुकट. अर्धी भाकरी मोडून भागीरथीपुढे धरली. तिने घेतली नाही.

"द्यायला काय, कुनीबी देतं," ती म्हणाली. "आज तू माझं खा."

तिच्या फडक्यात भाकरी आणि ठेचा होता. सासूबाईंनी घास घेतला. ठेचा जहाल होता, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते ठेच्याचंच होतं की नाही ते मी विचारलं नाही. पण त्यांनी भागीरथीकडून पाणी मागून घेतलं, हे मी पाहिलं.

ओताऱ्याने पळी जोडून दिली आणि चार गोष्टी सांगितल्या, त्या तुमच्याही कामाच्या आहेत. चिंच लावली तर लगेच धुवा, तशीच ठेवली की पितळ तांबूस पडतं. काथ्या लावू नका, मऊ फडकं पुरे. नाकडोळे घासायचे नाहीत, त्यांवरून बोट फिरवायचं. आणि धुतल्यावर कोरडं करा, नाहीतर खाचांत हिरवट डाग धरतात. काथ्याचं ऐकताना सासूबाई भट्टीकडे बघत होत्या.

परत येताना ट्राम बंदच. तिघी चालत निघालो, भागीरथीच्या पदराखाली बुद्ध आणि माझ्या पदराखाली अन्नपूर्णा. वाटेत गिरणीच्या, पगाराच्या, मोर्चाच्या गप्पा. मुंबई आपल्यालाच मिळणार यावर दोघींचं एकमत होतं. लालबागला आम्ही वळलो आणि ती तशीच पुढे नायगावला गेली.

घरी सासूबाईंनी एवढंच सांगितलं की पळी जोडून मिळाली. पितळ कुणाचं, ते चाळीत कुणाला कधी कळलं नाही. मूर्ती अजून माझ्याकडे आहे. अंग पिवळं, पळी जरा लालसर, कितीही पुसली तरी रंग जुळत नाही. नात म्हणते, बाजारात एक बाटली मिळते, सगळं एकसारखं चमकेल. मी तिला बाटली आणू दिली नाही.

पुष्कळ वर्षांनी माझ्या मुलीचं लग्न ठरलं. तिच्यासाठी नवी अन्नपूर्णा घ्यायची होती. गिरगावात तो ओतारी राहिला नव्हता, पण त्याचा मुलगा तेच काम करत होता आणि नियमही तोच पाळत होता, घरचं पितळ आणा. मी माळ्यावर चढून जुनी भांडी उपसायला लागले. सासूबाई तेव्हा थकल्या होत्या, खाटेवरच असायच्या. त्यांनी खालून हाक मारून विचारलं, काय शोधतेस? मी सांगितलं.

"घरचा पितळ लागता मा?" त्या म्हणाल्या. "मगे नायगावाक जा."

मी माळ्यावरून खाली उतरले, चपला घातल्या आणि गेले.