काचेवरचा ओरखडा

त्या दुष्काळी साली पारनेरकडच्या आमच्या गावात पाण्याची बोंब होती आणि मी घरात काच घासत होतो. मास्तरचं डोकं फिरलंय, असं लोक म्हणायचे. त्यांचं फार चुकत होतं असंही नाही.

झालं काय, तर एका संध्याकाळी पारावर मी शनीच्या कड्याबद्दल सांगत होतो. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं सरळ विचारलं, "गुर्जी, तुमी सोता बगितलंय व्हय?" नाही म्हणताना मला भयंकर लाज वाटली. दहा वर्षं मी ते कडं पुस्तकात पाहून फळ्यावर काढत होतो. तेव्हाच ठरवलं, दुर्बीण घरीच करायची आणि एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी बघून मग बोलायचं.

पुण्यातल्या एका हौशी गृहस्थांनी पत्रातून कृती कळवली. जाड काचेच्या दोन चकत्या घ्यायच्या. एक पिंपावर पक्की बसवायची, तिच्यावर धार लावायच्या दगडाची असते तसली पूड आणि पाणी घालायचं, आणि दुसरी चकती तिच्यावर घासत पिंपाभोवती फिरत राहायचं. महिनोन्‌महिने. वरची काच हळूहळू खोलगट होते आणि तिचाच आरसा करायचा. पूड आधी भरड, मग बारीक, मग त्याहून बारीक. पूड बदलताना काच, पिंप, हात, सगळं स्वच्छ धुवायचं. मागचा एक कण राहिला तरी घात.

आणि पाणी तर मैलभर लांबच्या विहिरीवर. बायको रोज दोन खेपा करायची. आमच्याकडे अंघोळीचं पाणी कपड्यांना आणि कपड्यांचं सारवणाला जायचं, तेव्हा मी तरी कसा मागं राहणार? काच धुतलेलं पाणी मी घमेल्यात निवळू द्यायचो आणि फडक्यातून गाळून पुन्हा वापरायचो. या काटकसरीचा मला चक्क अभिमान होता.

चार महिन्यांनी शेवटची पूड घातली. दुसऱ्याच फेरीला काचेखाली कर्र झालं. चकती उचलून उजेडात धरली, तर या कडेपासून त्या कडेपर्यंत ओरखडा. माझा असा संताप झाला की मी बायकोवरच ओरडलो, "तुला कितीदा सांगितलं, इथं झाडू नकोस म्हणून!"

"म्या आज केरसुनीला हातबी लावला न्हाई," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

मग मी ते फडकं झटकून पाहिलं. भरड पुडीचे कण त्याच्या विणीत बसलेले. प्रत्येक वेळी त्याच फडक्यातून पाणी गाळलं होतं मी. चूक माझी, शंभर टक्के माझी. ते तिला सांगायचं सोडून मी एवढंच म्हणालो, "मधल्या पुडीपासून सगळं पुन्हा करावं लागणार. आणि आता दर वेळी ताजं पाणी लागणार."

"मंग आनते की. एवढं झाल्यावर सोडता का काय?"

ती रोज तिसरी खेप करू लागली. महिनाभर. मी पिंपाभोवती चरफडत फिरत होतो, काचेवर, उन्हावर, स्वतःवर. ओरखडा पडला त्याच दिवशी पुण्याला पत्र टाकलं होतं. उत्तर आलं तेव्हा ओरखडा पार निघून गेला होता. कार्डावर दोनच ओळी होत्या: एखाद्या ओरखड्यानं दिसण्यात काही फरक पडत नाही. काळजी न करता पुढं जा.

मी ते कार्ड दारातच फाडलं. तिला दाखवायची हिंमत झाली नाही.

पुढं काच चकचकीत केली, पुण्याहून तिच्यावर चांदीचा मुलामा चढवून आणला, पत्र्याची नळी ठोकून घेतली. दिवेलागणीनंतर अंगणात दुर्बीण शनीवर धरली. कडं दिसलं. इवलंसं, पण अगदी स्पष्ट. आता कुणीही विचारावं, मी खरं सांगू शकणार होतो.

मी बायकोला बोलावलं. तिनं डोळा लावला आणि कितीतरी वेळ बाजूला झालीच नाही.

"अवो, तो ओरखडा तसाच ऱ्हायला असता," ती डोळा न काढता म्हणाली, "तर हे दिसलंच नसतं, न्हाई का?"

"नाही," मी म्हणालो. "दिसलं नसतं."