वेस, झील आणि वरची माझी सही

कामगारांसाठी मराठीतून संगणकाची भाषा रचणारा म्हणून या शहरात अजूनही माझं नाव घेतलं जातं. ती भाषा माझी नव्हती. हे सांगायला मी ऐंशी ओलांडेपर्यंत थांबलो, त्यामुळे सांगण्यात काही मोठेपणा उरलेला नाही.

चिकलठाण्याच्या वसाहतीत आमचा कारखाना होता आणि मी तिथल्या संगणक विभागाचा प्रमुख. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन काही वर्षं झाली होती, नाव मात्र बदललं नव्हतं. खेड्यांत त्यावरून दलितांची घरं जाळली गेली होती. कारखान्यात लोक त्या विषयावर आपापल्या घोळक्यातच बोलत. माझ्या हाताखाली एक हंगामी माणूस होता. मुकुंदवाडीहून सायकलनं येणारा, पदवीधर. त्याचे वडील जलशात गात. त्याला कायम करायचं की नाही, हे त्या वर्षी ठरणार होतं.

गोदामातल्या माणसांनी स्वतःच यंत्राला सूचना लिहून द्याव्यात, अशी कल्पना निघाली. पडद्यावर देवनागरी येत नव्हती, म्हणून रोमन अक्षरांत मराठी शब्द लिहायचे. जेमतेम वीस शब्द हवे होते. इंग्रजी शब्दांचं भाषांतर करावं, यापलीकडे मला काही सुचलं नाही. त्यानं वेगळंच केलं. तेच काम पुन्हा पुन्हा करायचं, त्याला त्यानं ‘झील’ म्हटलं.

“शाहीर ओळ सोडतो, मागचे ती उचलून धरतात, तो हात वर करेपर्यंत. मशीनचं दुसरं काय आहे, सर?”

दुसरीकडे लिहून ठेवलेलं काम बोलवायचं ती ‘हाक’, आणि ते जे उत्तर घेऊन परत येईल तो ‘ओ’. अटीला त्यानं ‘वेस’ म्हटलं. “अटीत बसला तर आत. नाय बसला तर बाहेरनं वळसा.” हे सांगताना त्यानं कागदावरून मान वर केली नाही. आमच्या कन्नड तालुक्यातल्या गावाला वेस होती. आम्ही आतले.

वैजापूरकडचा एक गोदाम कारकून होता, शाळा अर्धवट सोडलेला. त्याला ते वीस शब्द दिले. कोणते सुटे भाग कमी पडलेत याची यादी काढणारी दहा ओळींची सूचना त्यानं एका दुपारी लिहिली. यादी छापून बाहेर आली तेव्हा तो ओरडलाच, “साहेब, हे मशीन ओ देतंय! घरी बायको देत नाय!” सगळे हसले. ज्याचे ते शब्द, तोही हसला. मी त्याला तसं हसताना पुन्हा पाहिलं नाही.

मुख्य कचेरीतून वरिष्ठ पाहणीला येणार होते. व्यवस्थापकांनी शब्दांची यादी पाहिली. “अहो, वेस कशाला? हल्लीचे दिवस काय, कुणी काय अर्थ काढील. आणि हे जलसाबिलसा… जरा शिष्ट शब्द बघा ना.”

हे शब्द ज्याचे आहेत त्याला बोलवा, एवढं म्हणायचं होतं. मी “बघतो” म्हणालो आणि घरी जाऊन संस्कृत कोश उघडला. यदि, आवर्तन, आवाहन, प्रत्युत्तर. मला त्यात मजा आली, हेही लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी त्यानं नवी यादी वाचली.

“वेस काढायची तर गावातनं काढा, सर. माझ्या कागदातनं काढून काय व्हणार?”

“तुझ्या भल्यासाठीच सांगतोय. कायम व्हायचंय ना?”

त्यानं यादीची घडी घालून ती माझ्या टेबलावर ठेवली. मी म्हणालो, “या शब्दांची पुस्तिका छापायची आहे, तिच्यावर तुझं नाव राहील.”

पुस्तिकेवर एकच नाव छापलं गेलं, माझं. आजवर मी स्वतःला सांगत आलो की त्या दिवसांत त्याचं आडनाव वरिष्ठांना खुपलं असतं. पण व्यवस्थापकांनी फक्त शब्द बदलायला सांगितले होते. नाव काढायला मला कुणीही सांगितलं नव्हतं. ते मी काढलं, कारण मला ते काम एकट्याचं हवं होतं.

वरिष्ठ खूश झाले आणि मला बढती मिळाली. त्याच्या कायम होण्याच्या अर्जात स्वतंत्र कामाचा रकाना होता. तो मी भरायचा होता. मी लिहिलं, ‘साहाय्य केले.’ महिन्याभरात त्याला कमी केलं. जाताना तो माझ्या टेबलापर्यंत आला नाही. वैजापूरच्या कारकुनानं नवी पुस्तिका चाळली, “हे पोथीवाणी झालं, साहेब,” म्हणाला आणि पुन्हा रजिस्टर उघडलं. माझ्या शब्दांत त्या कारखान्यात कुणी एक ओळही लिहिली नाही. त्या भाषेसाठी माझा सत्कार मात्र दोनदा झाला.

गेल्या महिन्यात मी त्या मुकुंदवाडीच्या माणसाचं घर शोधत गेलो. केस पांढरे झालेत, नजर तीच. बस म्हणाला. सगळं जाहीर लिहितो, तुझ्या नावानिशी, असं मी सांगितलं.

“पोरांना मी यातलं काय बी सांगितलेलं नाय. सांगायचं म्हटलं तर तुमच्यापास्नं सुरू करावं लागलं असतं.”

“मग मी काय करू?”

“तुमचं तुम्ही लिहा. माझं नाव तुमच्या हातानं नको.”

त्यानं मला दारापर्यंत सोडलं. चहाचं विचारलं नाही, आणि मीही अपेक्षा केली नव्हती. त्याचं नाव मी इथं लिहिलेलं नाही. या वेळी ते त्याच्या सांगण्यावरून.